अकरा वाजता कातळापाशी काय हाताशी असेल? एका युवक मंडळाच्या बांधाबांधीचे प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या युवक मंडळाने डिसेंबरातला एक शनिवार-रविवार सत्तरी तालुक्यात मुक्कामाला जायचे ठरवले. अठरा मुले-मुली, वय चौदा ते एकवीस, आणि सोबत चार मोठी माणसे. शनिवारी दुपारी उसगावमार्गे वाळपईच्या पुढे जायचे, ओळखीच्या एका कुटुंबाच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, तंबू ठोकायचे, रविवारी सकाळी अर्ध्या तासाच्या पायवाटेने कातळ गाठून चढाई करायची आणि दिवेलागणीला घरी परतायचे, असा बेत होता. चढाई शिकवायला मंडळाने मला बोलावले. मी एकच अट घातली. निघायच्या दोन दिवस आधी सगळ्यांच्या बॅगा आणि सगळे सामाईक सामान एका जागी आणून उघडायचे. हे प्रकरण मुख्यतः त्या गुरुवारच्या संध्याकाळचे आहे. शिबिराचे बरेवाईट बहुतेक तिथेच, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, अंथरलेल्या ताडपत्रीवर ठरले.

कातळाचा नेमका पत्ता मी देत नाही. कुळागराच्या मालकांची तशी विनंती आहे आणि ती रास्त आहे. एकदा जागेचा गवगवा झाला की बाटल्या आणि पिशव्यांचा ढीग कुणाच्या दारात साचतो, हे त्या भागातल्या लोकांनी पुरेसे पाहिले आहे.

मंडळाचा सचिव चोवीस वर्षांचा, कामाला वाघ. त्याने फोनवर यादी केली होती आणि प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण होती. तंबू, दोर, हेल्मेट, प्रथमोपचार पेटी, टॉर्च, पाणी, शेगडी, औषधे, पालकांची संमतिपत्रे. "ताई, सगळं आलंय," तो म्हणाला, आणि ते खरेच होते. यादीत असलेली एकही वस्तू कमी नव्हती.

मी त्याला यादी बाजूला ठेवायला सांगितली आणि दुसराच प्रश्न घेतला. रविवारचे अकरा वाजले आहेत, सगळे कातळापाशी आहेत, या क्षणी प्रथमोपचार पेटी कुठे आहे? तो क्षणभर थांबला. पेटी मिनीबसच्या डिकीत होती. मिनीबस कुळागरापाशी, म्हणजे पायी अर्धा तास मागे. चालकाने आधीच सांगून ठेवले होते की मुले वर गेली की तो वाळपईला जेवून येईल. म्हणजे अकरा वाजता पेटी वाळपईच्या बाजारात आणि गाडीची चावी चालकाच्या खिशात. कुणाचा पाय मुरगळला, कुणाच्या डोक्याला लागले, तर आमच्याकडे बँडेज नाही आणि गाडीही नाही.

तिथून पुढचे दोन तास आम्ही हाच प्रश्न एकेका वस्तूला विचारत गेलो. यादी सांगते की वस्तू घेतली. ती लागेल त्या वेळी कुणाच्या पाठीवर असेल, हे यादी सांगत नाही. तरुणांच्या सहलींत जे घोळ होतात ते विसरलेल्या वस्तूंपेक्षा या दुसऱ्या गोष्टीमुळे अधिक होतात, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणे एकामागून एक निघाली. सोळा वर्षांच्या एका मुलाला दमा होता. आईने इनहेलर आठवणीने दिला होता, पण तो मोठ्या बॅगेत तळाशी, पांघरुणाखाली. मोठी बॅग रविवारी तंबूतच राहणार होती. तंबूंच्या कापडी पिशव्या तिघांकडे होत्या आणि त्यांचे खांब चौथ्याकडे, जो मावशीकडून परस्पर मागाहून येणार होता. काडेपेटी तिघांकडे होती, तिन्ही स्वयंपाकाच्या गटातच. कंदील लावायच्या गटाकडे एकही नव्हती. दोर कातळाच्या धारेवर घासू नये म्हणून मी आधीच एक जाड कॅनव्हासचा तुकडा पाठवला होता. तो कुणाला तरी उपयोगाचा वाटला आणि त्यात टोप-पातेली गुंडाळली गेली. कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. प्रत्येकाने आपल्यापुरते नीट बांधले होते.

उपाय साधा होता. ताडपत्रीवर खडूने तीन चौकोन आखले: गाडी, तंबू, कातळ. प्रत्येक वस्तू तिन्हींपैकी एका चौकोनात ठेवायची आणि तिच्यावर कागदी पट्टीने एका माणसाचे नाव चिकटवायचे. गटाचे नाव चालणार नाही, माणसाचेच हवे. "स्वयंपाक गट" असे लिहिलेली वस्तू कुणाचीच नसते. गाडीची दुसरी चावीही मालकाकडून मागून घेतली. ती कातळाच्या चौकोनात आली आणि तिच्यावर सचिवाचे नाव लागले, कारण मोठ्यांपैकी गाडी चालवता येणारा तोच होता. चालकाला जेवण कुळागरातच मिळेल असे ठरवून वाळपईची फेरी रद्द केली.

कातळाच्या चौकोनावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. गोव्याचा बराच भाग जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र, ठिसूळ, हाताला ओरखडे काढणारा, त्यावर माणसाचे वजन सोपवायचे धाडस मी करत नाही. सत्तरीच्या ईशान्येला मात्र दख्खनचा काळा पाषाण येऊन पोचतो, आणि आमचा कातळ त्यातला होता. उंची सुमारे अठरा मीटर. माथ्यावर दोन जिवंत, जाडजूड झाडे. सगळी चढाई वरून दोर सोडून, म्हणजे चढणाऱ्याच्या डोक्यावर दोर कायम ताणलेला राहील अशीच करायची होती. त्यामुळे सामानाचे गणित सरळ होते. दोर खालून वर जाऊन पुन्हा खाली येतो, म्हणून छत्तीस मीटर. वर गाठी आणि अँकरसाठी, म्हणजे दोर झाडांना पक्का अडकवण्यासाठी, थोडा, खाली बिले देणाऱ्यासाठी, म्हणजे चढणाऱ्याचा दोर साधनातून धरून ताणता ठेवणाऱ्यासाठी, थोडा, आणि टोकाला थांबगाठ. पन्नास मीटरचे, दहा मिलिमीटर जाडीचे दोन डायनॅमिक, म्हणजे झटका बसला की ताणले जाणारे, दोर माझ्याकडे होते. एकेकाचे वजन सव्वातीन किलोच्या आसपास. झाडांना वेढायला लांब टेप स्लिंग (मजबूत पट्ट्यांचे वेढे), लॉक होणारे कॅराबिनर (धातूच्या कड्या), आठ हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), आठ हेल्मेट. प्रत्येक दोरावर वर चढणारा, खाली बिले देणारा आणि तयार होणारे पुढचे मूल, अशा दोन दोरांवरच्या सहांच्या गटाला आठ पुरतात. बाकीच्यांनी दगड पडण्याच्या टप्प्याबाहेर बसायचे.

इथे एक प्रसंग घडला, जो मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मंडळाचे एक ज्येष्ठ, ज्यांना सगळे काका म्हणतात, उमेदीची वर्षे बोटीवर नोकरी करून आलेले. ते एक जाड नायलॉनचा दोर घेऊन आले. मुलांसाठी त्यांनी तो माळ्यावरून उतरवून, धुऊन, वाळवून आणला होता. "तुझे हे दोर बोटाएवढे गो. ह्या दोरानं बोट बांधतात. अठरा पोरं एकदम लोंबकळली तरी तुटायचा नाही," ते म्हणाले. मुलांचे चेहरे खुलले. दोर वाढला म्हणजे तिसरी रांग लावता येईल, प्रत्येकाला दोनदा चढायला मिळेल.

काकांचे म्हणणे चूक नव्हते. तो दोर कदाचित माझ्या दोरांपेक्षा कितीतरी अधिक वजन पेलला असता. पण चढाईच्या दोराचे काम फक्त न तुटणे एवढे नाही. माणूस पडतो तेव्हा दोराने ताणत जाऊन तो झटका पोटात घ्यायचा असतो. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या कसोटीत एकेरी डायनॅमिक दोरावर ऐंशी किलोचे वजन पाडतात. पहिल्या पडण्यात झटका बारा किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये आणि दोराने निदान पाच वेळा पडणे सोसले पाहिजे. काकांचा दोर अशा कशासाठी बनलेलाच नव्हता. शिवाय तो इतका जाड होता की बिलेच्या साधनात बसत नव्हता, म्हणजे खालच्या मुलाला तो हाताने धरावा लागला असता. त्याने किती वर्षे ऊन आणि खारे वारे खाल्ले, कशाला घासला, कुठल्या तेलात वा आम्लात भिजला, हे काकांनाही सांगता येत नव्हते. ज्याचा इतिहास ठाऊक नाही तो दोर माणसाला बांधायचा नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

पण हे सांगायचे कसे? वयाने वडील, प्रेमाने आणलेली वस्तू, भोवती सगळी मुले. मी बोलण्याआधी सचिवच पुढे झाला. त्याने दोर दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, "काका, हा न्यायचाच. वर ताडपत्री बांधायला आम्हांला सुतळीच आहे, रात्री वारा सुटला तर उडून जायची. हा असला म्हणजे काळजी नाही." काका म्हणाले, "मग गाठी मी शिकवतो." आणि त्यांनी खरोखर तासभर मुलांना गाठी शिकवल्या. बोलाइनची गाठ त्यांची बोटे न बघता मारत होती. माझ्या शिकवण्यातला अर्धा भाग तिथेच उरकला.

मान राखला गेला, तरी माझ्या दृष्टीने काम संपले नव्हते. तो दोर शिबिराला येणार होता, म्हणजे रविवारी कुणी उत्साही मुलगा तो खांद्यावर टाकून कातळापाशी घेऊन येऊ शकत होता. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळली, तो तंबूच्या चौकोनात, स्वयंपाकाच्या गोणीत ठेवला, आणि ताडपत्री रविवारी संध्याकाळपर्यंत सोडायची नाही असे ठरवले. दोर ताडपत्रीला बांधलेला असेल तोवर तो कातळावर येऊच शकत नाही. चौदा वर्षांच्या मुलांना सूचना देऊन ठेवण्यापेक्षा अशी व्यवस्था करून ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते.

वजनाचा भाग त्या मानाने झटपट झाला. कुणाच्या तरी घरून सुपारी तोलायचा काटा आणला. सर्वांत लहान मुलाचे वजन अडतीस किलो आणि त्याची बॅग तेरा. त्यात दोन जीन्स, एक भला मोठा टॉवेल, ब्लूटूथ स्पीकर, काचेच्या बरणीत लोणचे. आम्ही वाढत्या वयाच्या मुलांसाठी शरीराच्या वजनाचा पाचवा हिस्सा ही वरची मर्यादा धरली. म्हणजे त्याला साडेसात किलो. जीन्स घरी गेल्या, कारण त्या दवाने भिजल्या की वाळत नाहीत. स्पीकरही गेला. कुळागर कुणाचे तरी घर आहे, आणि रात्री तिथल्या आवाजांत आपली भर घालायला आपण जात नाही.

पाण्यावर मात्र मी कंजुषी करू दिली नाही. डिसेंबरातही दुपारी कातळ तापतो आणि हवेत दमटपणा असतोच. कातळाच्या चौकोनात माणशी तीन लिटर, म्हणजे तीन किलो, आणि ते पाचव्या हिश्श्यात धरूनच. कुळागराला बारमाही झर आहे, त्यामुळे तंबूपाशी पाणी न्यायची गरज नव्हती. शनिवारी रात्री ते उकळून गाळायचे आणि बाटल्या भरायच्या एवढेच. क्षार-साखरेच्या पुड्यांत एक गोष्ट सापडली, जी कुठल्याही घरात तपासून बघण्यासारखी आहे. पेटीत दोन आकारांच्या पुड्या होत्या. मोठी, सुमारे एकवीस ग्रॅमची, पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. लहान, चार-साडेचार ग्रॅमची, दोनशे मिलिलिटरसाठी, म्हणजे एका पेल्यासाठी. लहान पुडी लिटरच्या बाटलीत टाकली तर उपयोग नाही, आणि मोठी पेलाभर पाण्यात टाकली तर मिठाचे प्रमाण अपायकारक होते. मुलांच्या बाटल्या लिटरच्या होत्या, म्हणून लहान पुड्या काढून टाकल्या आणि मोठ्याच ठेवल्या.

शेकोटीचा प्रश्न भावनिक झाला. मुक्काम म्हणजे शेकोटी, असे मुलांच्या मनात पक्के होते. पण मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी सत्तरीतला माणूस विसरलेला नाही. डोंगरच्या डोंगर दिवसेंदिवस धुमसत होते. डिसेंबरात गवत वाळायला लागलेले असते आणि कुळागरात सुपारीच्या झावळ्यांचा पाचोळा पायाखाली असतो. म्हणून पाच किलोचा लहान सिलिंडर आणि एक शेगडी, बस. त्याच्या बदल्यात जेवण चांगले ठेवले: शनिवारी रात्री मुगाची उसळ, भात, सोलकढी, सकाळी पोहे, कातळावर उंडे (गोल पाव), उकडलेली अंडी, केळी, आणि खिशात खाजे. बेसन, गूळ, आले, तीळ. जत्रेतला हा खाऊ चढाईसाठी कुठल्याही महागड्या बारपेक्षा मला सरस वाटतो. तो वितळत नाही, चुरत नाही आणि मुलांना आवडतो.

कपड्यांची यादी सचिवाने कुठल्याशा हिमालयी शिबिराची घेतलेली होती. त्यातले लोकरीचे सगळे गेले. सत्तरीला त्याऐवजी पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट आणि उंच पायमोजे लागतात, पँट पायमोज्यात खोचता येईल असे. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीमार्फत पसरतो आणि त्याचा जोर कोरड्या महिन्यांत असतो. संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांचे पाय, गुडघ्याची मागची बाजू आणि कानामागे तपासायचे, आणि घरी गेल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "मी सत्तरीच्या रानात होतो" हे आपणहून सांगायचे, असे पालकांच्या चिठ्ठीत लिहिले. गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचे मलम दोर आणि हेल्मेटच्या पिशवीत ठेवायचे नाही, कारण डीट हे रसायन असलेली अशी मलमे काही प्लॅस्टिकना खातात. रात्री प्रत्येकाच्या डोक्याला टॉर्च आणि पायात बूट. फुरसे आणि चापडा हे दोन्ही विषारी साप त्या पट्ट्यात आहेत; आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर बनलेली आहे, चापड्यावर ती लागू पडत नाही. म्हणून दंश झाल्यास जागेवर उपाय करत न बसता इस्पितळ गाठायचे ठरवून पेटीतली ब्लेड आणि करकचून बांधायची दोरी काढली, लांब क्रेप बँडेजे वाढवली, आणि १०८ ला फोन लागेल अशी पायवाटेवरची जागा सचिवाने मालकांना विचारून कागदावर काढून ठेवली.

मुलींच्या बॅगा मंडळाच्या कोषाध्यक्ष ताईने आतल्या खोलीत वेगळ्या पाहिल्या. ती बाहेर आली आणि सर्वांसमोर, अजिबात न संकोचता, सॅनिटरी पॅडचे एक पाकीट, कागदी पिशव्या आणि एक जादा काळी पँट कातळाच्या चौकोनात ठेवून गेली. पट्टीवर स्वतःचे नाव. एका मुलाने विचारले, प्रत्येकीकडे आहेतच ना? ती म्हणाली, "आहेत, पण तंबूत आहेत." त्या संध्याकाळचा मुद्दा तिला माझ्यापेक्षा नेमका कळला होता.

प्रत्यक्ष शिबिरात या तयारीचे काय झाले? इनहेलर लागला नाही. तो दिवसभर त्या मुलाच्या कमरेच्या बटव्यात होता आणि जादा एक प्रथमोपचार पेटीत. पॅड मात्र लागले, एका मुलीला साडेदहा वाजता. ती ताईबरोबर झाडीमागे जाऊन आली, पँट बदलली आणि आपल्या पाळीने कातळ चढली. ते पाकीट अर्धा तास मागे असते तर ती दिवसभर अंग चोरून बसली असती किंवा खाली निघून गेली असती, आणि कारण कुणालाच कळले नसते. एका मुलाचा घोटा उतरताना मुरगळला. क्रेप बँडेज पाच मिनिटांत बांधले गेले. काकांचा दोर रविवारी संध्याकाळी चारपर्यंत ताडपत्रीला होता.

जे फसले तेही सांगायला हवे. कुळागरातले दव सगळ्यांनी कमी लेखले. पहाटे तंबूच्या आतून पाणी टपकत होते आणि ज्यांचे कोरडे कपडे बॅगेत उघडेच होते ते भिजले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जायची बांधाबांध आम्ही दोन तास केली, परतीची एक मिनिटही ठरवली नव्हती. दमलेल्या मुलांनी पट्ट्या न बघता हाताला येईल ते डिकीत कोंबले. चालकाने डिकीत गाडीची एक जुनी बॅटरी ठेवलेली होती आणि दोराची पिशवी तिच्याच अंगावर आडवी पडली होती. बॅटरीतल्या आम्लाने नायलॉन आतून जळतो आणि वरून अनेकदा काहीच दिसत नाही. कोषाध्यक्ष ताईच्या ते लक्षात आले. पिशवी कोरडी होती, बॅटरी गळत नव्हती. तरी मी दोन्ही दोर अग्रशाळेत सावलीत पसरून इंच इंच हाताने चाचपले, आणि त्यानंतरच ते पुन्हा वापरात घेतले.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. परतीसाठीही तीन चौकोन, आणि दोराची पिशवी डिकीत न जाता कायम माणसाच्या मांडीवर. प्रत्येक कपडा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत, आणि त्या पिशव्या मोजून परत आणायच्या. दोरांसाठी एक वही: कधी घेतला, कुठे वापरला, कुणी तपासला.

चौथ्या गोष्टीवर एकमत झाले नाही. वीस-एकवीस वर्षांच्या काहींना सर्वांसमोर बॅग उघडणे अपमानाचे वाटले. कातळाच्या चौकोनात येणारे सामान उघडावे, स्वतःची बॅग ज्याची त्याने बघावी, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही, कारण इनहेलर स्वतःच्याच बॅगेत होता. कोषाध्यक्ष ताईने मधला मार्ग सुचवला: अठराच्या वरच्यांनी बॅग उघडू नये, पण अंगावर काय असेल आणि तंबूत काय राहील हे जोडीदाराला तोंडी सांगावे, आणि जोडीदाराने चिठ्ठीवर सही करावी. पुढच्या शिबिराला हीच पद्धत वापरून बघायचे ठरले आहे.